न्यूटनचा जन्म आणि दोन दिनदर्शिका

ज्या वर्षी गॅलिलिओचे निधन झाले त्याच वर्षी न्यूटनचा जन्म झाला, हे विधान इतक्या वेळा सांगितले गेले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथे 8 जानेवारी 1642 रोजी मरण पावला आणि न्यूटन इंग्लंडमधील वूल्सथॉर्प येथे 25 डिसेंबर 1642 रोजी, ऐन नाताळात जन्मला. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, पण त्या वेगवेगळ्या दिनदर्शिकांतल्या आहेत. इटलीत 1582 पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू होती, तर इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिकाच चालू राहिली, आणि न्यूटनच्या जन्माच्या वेळी ती दहा दिवसांनी मागे होती. इटलीच्या हिशेबाने न्यूटनचा जन्म 4 जानेवारी 1643 रोजी झाला. इंग्लंडच्या हिशेबाने गॅलिलिओ 29 डिसेंबर 1641 रोजीच गेला होता. कोणतीही एक दिनदर्शिका धरा, या दोन घटना एका वर्षात येत नाहीत.

स्टीफन हॉकिंग यांचा जन्म मात्र खरोखरच गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, 8 जानेवारी 1942 रोजी झाला. हा योग हिशेबात टिकतो. त्यापलीकडे त्यातून काही निष्पन्न होत नाही.

16 ऑक्टोबर 1843 या दिवसाची गोष्ट वेगळी आहे. डब्लिनच्या रॉयल कालव्याच्या काठाने पत्नीसह चालत असताना आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनला चतुर्दलांच्या, म्हणजे चार घटकांनी बनलेल्या संख्यांच्या (quaternions), गुणाकाराचा नियम अचानक सुचला आणि त्याने ते समीकरण चाकूने ब्रूम पुलाच्या दगडावर कोरले. ते कोरीव काम आज उरलेले नाही, तरीही दरवर्षी त्याच तारखेला गणितप्रेमी त्या पुलापर्यंत चालत जातात, कारण येथे तारीख प्रत्यक्ष शोधाचीच आहे.

आणि जर्मन गणितज्ञ गाउस? त्याच्या आईला मुलाची जन्मतारीख ठाऊक नव्हती. तो बुधवार होता आणि येशूच्या स्वर्गारोहणाचा सण आठ दिवसांवर होता, एवढेच तिला आठवत होते. तो सण ईस्टरवरून ठरतो, आणि ईस्टर दरवर्षी चंद्राच्या गतीनुसार सरकतो. पुढे गाउसने कोणत्याही वर्षाचा ईस्टर काढण्याची रीत स्वतःच तयार केली. त्या रीतीने 1777 चा ईस्टर 30 मार्चला येतो, स्वर्गारोहणाचा गुरुवार 8 मे रोजी, आणि त्याच्या आठ दिवस आधीचा बुधवार 30 एप्रिलला.