खाली बारीक अक्षरात ‘मार्गे’

(एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी मला ‘एसटीने डोंगरभटकंती’ हा विषय दिला आणि जोडीला एक प्रेमळ सूचनाही केली, की हल्ली घरोघरी गाड्या आहेत, तेव्हा ताई, जुन्या आठवणींवर भर द्या. आठवणी सांगायला मी आलेली नाही. दारात गाडी उभी असलेल्या माणसालाही सह्याद्रीतल्या कित्येक उत्तम वाटा एसटीशिवाय नीट चालता येत नाहीत, हे सांगायला आले आहे. आणि याचं कारण साधी भूमिती आहे.

स्वतःची गाडी नेली की ती पायथ्याच्या गावात कुठेतरी लावावी लागते. लावली की तुम्ही तिला बांधले गेलात. पलीकडच्या बाजूला कितीही देखणी सोंड उतरताना दिसली, तरी संध्याकाळी तुम्हाला त्याच गावात, त्याच वडाखाली परत यायचंय. आता सह्याद्री कसा आहे बघा. उत्तर-दक्षिण पसरलेला उभा कडा, पश्चिमेला खाली कोकण, पूर्वेला वर देश. दोन हजार वर्षं माणसं तो ओलांडत आली. बैलांच्या पाठीवर मीठ लादून, डोक्यावर ओझी घेऊन एका बाजूने चढली आणि दुसऱ्या बाजूने निघून गेली. घाटवाट ही ओलांडायची गोष्ट आहे. तीच वाट अर्धी चढून, माथ्यावर डबा खाऊन परत फिरायचं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवातूनच घरी येणं झालं.

नाणेघाटाचंच घ्या. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी गाडी धरायची. टोकावडं गेलं, वैशाखरे गेलं, की कंडक्टरला आठवण करायची आणि नाणेघाटाच्या फाट्याला उतरायचं. समोर नानाचा अंगठा, म्हणजे अंगठ्यासारखा दिसणारा उभा कडा, उभाच असतो. वाट आधी झाडीतून जाते, मग हळूहळू दगडी पायऱ्या लागतात. या पायऱ्या आणि फरसबंदी जुनी आहे, कोणत्याही पर्यटन विकासाच्या आधीची. दोन-अडीच तासांत तुम्ही खिंडीच्या तोंडाशी असलेल्या गुहेत पोचता.

या गुहेत दोन मिनिटं थांबून पुढे जाऊ नका. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, मोठा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण (त्या काळची नाणी), याचा सगळा हिशोब आकड्यांत कोरलेला आहे. भारतातल्या जुन्यात जुन्या कोरीव आकड्यांमध्ये हे आकडे मोजतात. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पण त्यांच्या वरची नावं शिल्लक आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), सिरि सातकनि. काही जागी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. कंदील नेऊ नका, काजळी धरते. साधी विजेरी तिरकी धरली की अक्षरं उठून दिसतात. आणि खिंडीच्या वरच्या टोकाला तो प्रसिद्ध दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकत असत असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकार बघतील, पण इथून मालाची ये-जा होती याबद्दल वाद नाही, कारण घाटाच्या वर जुन्नर आहे आणि खाली उतरून कल्याण, सोपाऱ्याची बंदरं.

आता वर आलात, पुढे काय? गाडी खाली ठेवलेला माणूस इथून परत फिरतो. देशावरून डांबरी रस्त्याने गाडी घेऊन आलेला माणूस पावसाळ्यात उलटा धबधबा बघतो, मक्याचं कणीस खातो आणि तोही परत फिरतो. दोघांनीही घाट पाहिला, ओलांडला कुणीच नाही. तुम्ही मात्र पठारावरून चालत घाटघरला जायचं, जीवधन किल्ल्याचा कातळ उजव्या हाताला ठेवून. तिथून जुन्नरची एसटी मिळते. जुन्नर शिवनेरीच्या पायाशीच आहे, दम असेल तर गड चढा, नाहीतर पुण्याची गाडी धरा. शिवाजीनगरचं स्थानक मेट्रोच्या कामासाठी हलवलं, त्यामुळे पुण्याची गाडी वाकडेवाडीला सोडते, एवढं लक्षात ठेवा. कल्याणला निघून पुण्यात उतरलात, आणि मधला सह्याद्री पायांनी पार केलात. स्वतःच्या मोटारीने हे करायचं तर एक ड्रायव्हर ठेवावा लागेल, त्याने माळशेजने फिरून वर यावं आणि दिवसभर घाटघरला जांभया देत बसावं.

असाच दुसरा मार्ग भीमाशंकरचा. कर्जतहून खांडसची गाडी. खांडसहून दोन वाटा फुटतात. शिडीघाट जवळचा, पण पावसात निसरडा. कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्यांवर पाणी वाहत असतं तेव्हा तिथे जाऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते. गणेशघाट लांबचा, पदरगडाच्या बाजूने वळसा घेणारा आणि घरच्या मंडळींना नेता येईल असा. वर अभयारण्य आहे, शेकरूंचं. आपला राज्यप्राणी फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो. इथे तो डोक्यावरच्या फांदीवर येऊन तुमच्यावर ओरडतो. आणि देवळाशी पोचलात की परतीची काळजी नाही, कारण ज्योतिर्लिंग असल्यामुळे पुण्याच्या, मंचरच्या गाड्या तिथे असतात.

यावरून एक सूत्र सांगते. एसटी डोंगरासाठी जात नाही. ती जाते शाळेसाठी, आठवड्याच्या बाजारासाठी, तालुक्याच्या कचेरीसाठी आणि देवासाठी. तुमचा डोंगर यांपैकी कशाच्या तरी शेजारी असेल, तर तो तुम्हाला मिळाला. तोरणा नशीबवान, पायथ्याला वेल्हे, तालुक्याचं गाव. पुण्याहून वेल्ह्याची गाडी धरा, तोरणा चढा, बुधला माचीकडून बाहेर पडा आणि दांडावरून थेट राजगडाच्या संजीवनी माचीवर जा. पूर्ण दिवसाची चाल आहे. हिवाळ्यातच करा, उन्हाळ्यात त्या दांडावर सावली नाही. दुसऱ्या दिवशी पद्मावती माचीच्या चोर दरवाजाने गुंजवण्यात उतरा आणि तिथून मार्गासनीला मुख्य रस्त्यावर या. हीसुद्धा एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणारी चाल. गाडीवाल्यांना ती जमते, पण त्यांना मग वेल्ह्यात ठेवलेली गाडी आणायला परत एसटीनेच जावं लागतं. (हशा.) हसू नका, जातात.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. अडचण वेळापत्रकाची आहे. खेड्यातली गाडी खेड्याच्या सोयीने धावते. सकाळी ती गावातून तालुक्याला निघते, पोरांना शाळेत, बायाबापड्यांना बाजाराला, म्हाताऱ्यांना दवाखान्यात सोडते, आणि संध्याकाळी सगळ्यांना घेऊन परत येते. आपल्याला हवं असतं नेमकं याच्या उलट. सकाळी शहरातून गावात, संध्याकाळी गावातून शहरात. म्हणून शहरातला माणूस स्टँडवर येतो, चौकशी करतो, ‘त्या गावाला सकाळची गाडी नाही’ असं ऐकतो आणि ‘एसटीने जाता येत नाही’ असा निष्कर्ष काढून घरी जातो.

जाता येतं. गावाच्या घड्याळाने जायचं, म्हणजे मुक्कामाच्या गाडीने. काही भागात तिला वस्तीची गाडी म्हणतात. संध्याकाळी डेपोतून निघते, रात्री शेवटच्या गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. ज्यांनी तिने प्रवास केला नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. गाडी सुटायच्या आधी अर्धा तास ती भरलेली असते. खिडकीतून आत टाकलेले रुमाल आणि पिशव्या म्हणजे रिझर्वेशन. पेंडीचं पोतं मागच्या सीटखाली, कोंबडीची पिल्लं असलेला खोका कुणाच्या तरी मांडीवर, गावातल्या दुकानदाराचं पार्सल केबिनमध्ये. तालुका सुटला की कंडक्टर तिकिटं फाडत मागे येतो. फाडत म्हणायची सवय, आता मशीनमधून काढतो. त्याला तुमची पाठीवरची सॅक बघूनच कळतं तुम्ही कुठले. ‘गडावर का? एवढ्या रात्री?’ ‘नाही, गावात राहणार, पहाटे चढणार.’ ‘मग यांच्याकडं जावा,’ असं म्हणून तो पुढच्या सीटवरच्या माणसाकडे बोट दाखवतो. तो माणूस वळून तुमच्याकडे नीट बघतो, किती जण आहेत ते मोजतो आणि म्हणतो, ‘भाकरी-पिठलं चालंल ना?’ तुमची राहायची, जेवायची आणि वाटाड्याची सोय या गाडीत झालेली असते. मी एकटी बाई म्हणून फिरले, तेव्हा मला सगळ्यात जास्त आधार या गाडीचा वाटला. उतरेपर्यंत निम्म्या गावाला मी कुणाकडे उतरणार हे माहीत झालेलं असायचं. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे मात्र रीतसर द्या. आग्रह करून द्या. घरातल्या बाईच्या हातात द्या.

आता स्टँडवर काय विचारायचं. ‘राजगडची गाडी कधी आहे?’ असं चौकशीच्या खिडकीत विचारलंत तर आतले साहेब तुमच्याकडे बघतील आणि पुन्हा रजिस्टरमध्ये डोकं घालतील. पाटीवर किल्ल्याचं नाव नसतं, गावाचं असतं. तोरण्यासाठी वेल्हे, कळसूबाईसाठी बारी, रतनगडासाठी रतनवाडी. नकाशावर आधी पायथ्याचं गाव शोधा, मग त्याच्या अलीकडचा फाटा शोधा आणि मग त्या फाट्यावरून जाणाऱ्या सगळ्या गाड्या विचारा. पाटीवरचं ठळक नाव सोडा, खाली बारीक अक्षरात ‘मार्गे’ लिहिलेलं असतं ते वाचा. आपलं काम बहुतेक वेळा त्या बारीक नावांतच असतं. बारीला फक्त बारीची अशी गाडी शोधत बसाल तर बसून राहाल; घोटी आणि भंडारदरा यांच्यामधून जाणारी कुठलीही गाडी तुमचीच आहे. तीच तुम्हाला १६४६ मीटरच्या, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या पायाशी सोडते.

रविवार टाळा, हेही सांगते. शाळेसाठी धावणाऱ्या फेऱ्या रविवारी आणि सुट्टीत नसतात. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या त्या निळ्या गाड्या मुलींच्या शाळेसाठीच सुरू झाल्या. आपण नेमके रविवारी जातो आणि फाट्यावर बसून राहतो. शुक्रवारी संध्याकाळी निघा, शनिवारी चाला.

पुण्यातल्या मंडळींना तर लाल गाडीचीही गरज नाही. स्वारगेटहून पीएमपीची, म्हणजे शहराची, बस सिंहगडाच्या पायथ्याशी सोडते. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून टेकड्यांवरून रात्रभर चालत सिंहगडाकडे जाणारी वाट शहरातल्या पोरांनी प्रसिद्ध केलीच आहे. दोन्ही टोकांना शहराची बस. त्या टेकड्या रात्री वाटतात तितक्या सोप्या नाहीत, उतारांवर मुरूम सुटतो. चांदण्यात आणि माहितगाराबरोबर जा.

पैशांचं एका वाक्यात: मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, प्रवास मोफत झाला. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली. तिच्या वयाची माणसं आता फुकट भीमाशंकरला जातात आणि आम्हाला सांगतात, गणेशघाटानेच उतर. चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही आहे, आठवडाभर घाटवाटा करायच्या तर तो घ्या. यूपीआयने तिकीट मिळतं, पण दरीत रेंज गेली की कंडक्टर आणि तुम्ही दोघंही फोनकडे बघत राहता. सुट्टे पैसे ठेवा.

समोरून एक प्रश्न आलाय, शेवटची गाडी चुकली तर? चुकते. मग तीन गोष्टी करा. पहिली, फाट्यापर्यंत चाला, गावातून नसली तरी मुख्य रस्त्यावरून गाडी असते, आणि हात दाखवला की बहुतेक थांबते. दुसरी, वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, किंवा जीप. भरल्याशिवाय ती हलत नाही आणि भरली म्हणजे काय याची तुमची आणि ड्रायव्हरची व्याख्या वेगळी असते. बाहेर टपावर बसू नका. तिसरी, गावात परत जा आणि मुक्काम करा, पहाटेची गाडी तर आहेच. मी तिसरीला पहिला नंबर देते, पण घरी फोन करून ठेवा.

दुसरा प्रश्न, पावसाळ्यातल्या घाटवाटांचा. त्याचं उत्तर लांब आहे, चहानंतर घेऊ.