ओली जलपर्णी, सुकी जलपर्णी

(इंदापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणथळींतील आक्रमक वनस्पतींचे व्यवस्थापन'. हे बारसं माझं नाही. मी फोनवर 'जलपर्णीचं काय करायचं' एवढंच सांगितलं होतं. सचिवांना ते फारच घरगुती वाटलं असावं.

पण त्यातल्या 'समृद्ध' शब्दाला दाद दिली पाहिजे. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि भीमेतून आपल्या उजनी धरणात. वाटेत उसाचा युरियाही मिसळतो, तेव्हा फक्त पुणेकरांच्या नावाने हसू नका. जे नत्र आणि स्फुरद आपण दुकानातून गोणीने आणतो, ते उजनीला फुकट घरपोच मिळतं. मग तिथे जलपर्णी माजणार नाही तर काय मोगरा फुलणार?

बाई मूळच्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या. जांभळं फूल, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. या रूपावर भाळून लोकांनी तिला देशोदेशीच्या हौदांत नेऊन ठेवलं. बंगालमध्ये तिने असा उच्छाद मांडला की 1936 साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. कायद्याला घाबरून ती काही गेली नाही. अमेरिकेत तर 1910 साली लुइझियानाच्या रॉबर्ट ब्रूसार्ड या प्रतिनिधीने काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, विधेयक आणलं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणू. पाणघोडे जलपर्णी खातील आणि आपण पाणघोडे खाऊ. तेव्हा तिकडे मांसाची टंचाई होती. विधेयक बारगळलं. आपल्याकडे मंजूर झालं असतं, आणि पाणघोड्यांच्या चाऱ्याचं टेंडर वेगळं निघालं असतं.

टेंडरवरून आठवलं. एका नगरपालिकेने तळ्यातली जलपर्णी काढायचं काम दिलं होतं. नाव घेत नाही. कुठलंही लावा, बसेल. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, म्हणून मला देखरेख समितीवर घेतलं. मे महिना. पोकलेन जलपर्णी उचलतोय, ट्रक भरतोय, आणि ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला की खालून नळ सोडल्यासारखी धार. बिल टनावर. मी एक झाड पिशवीत घालून घरी आणलं. भरलं बरोबर एक किलो. गच्चीवर आमच्या हिच्या कुरडया वाळत होत्या, त्यांच्या शेजारी मांडलं. तिने विचारलं, "हे तळायचंय का?" आठवड्याने परत तोललं तर साठ ग्रॅम. म्हणजे किलोमागे नऊशे चाळीस ग्रॅम पाण्याचे पैसे!

धावत ऑफिसात गेलो. म्हटलं, "साहेब, आपण तळ्याचं पाणी विकत घेतोय." ते शांतपणे म्हणाले, "सर, टेंडरमध्ये ओलं-सुकं काही लिहिलेलं नाही."

बरं, ट्रक गेले कुठे? तळ्याच्याच पलीकडच्या काठावर. तिथे ढीग. जूनच्या पहिल्या पावसात ढिगातून चहासारखं काळं पाणी निघालं आणि उताराने सरळ तळ्यात. खालच्या थरातली चार झाडं हिरवी होती, तीही घरंगळत माहेरी गेली. पुढच्या मे महिन्यात तेच टेंडर, तोच काटा. मी समितीवर नव्हतो.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं? अहो, विषय आत्ता कुठे… बरं.)

तर मुद्दा. हेक्टरभर दाट जलपर्णीचं ओलं वजन दोनशे टन सहज भरतं. सुकी बारा टन धरा. त्यात शेकडा अडीच नत्र, म्हणजे तीनशे किलो. स्फुरद पन्नास किलोच्या आसपास. तळ्याने गिळलेलं सांडपाणी या झाडांनी गोळा करून तुमच्या हातात दिलंय. ते पाणलोटाबाहेर, शेतातल्या खतखड्यात गेलं, तर तळं तेवढं हलकं झालं. काठावर ठेवलंत तर केलेलं सगळं परत. औषध फवारलंत तर झाड तळाशी जाऊन कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी चिलापी उलटी तरंगताना दिसते.

जलपर्णी खाणारे भुंगेरे? आहेत. तांदळातल्या सोंड्याचे भाऊबंद, 1980 च्या दशकात बंगळुरूला आणून सोडले. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर त्यांनी मोठं काम केलं. पण त्यांना वर्षं लागतात, आणि इतकं खत मिळाल्यावर ते एक पान कुरतडेपर्यंत झाड दोन नवी काढतं.

वेळ महत्त्वाची. मे महिन्यात काढायची म्हणजे जी पुराबरोबर आपोआप जाणार तिला भाडं देऊन नेणं. जानेवारीत काढा, थोडी असताना. दर पंधरवड्याला दुप्पट होते, त्यामुळे दहावा हिस्सा मागे ठेवलात तर दीड-दोन महिन्यांत तळं पुन्हा झाकलं. म्हणून माणसं वर्षभर हवीत, आणि ती रोज होडी घालणारे मच्छीमार असावेत. बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

मैलाशुद्धीकरण अर्थात हवंच, पण साध्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या 'शुद्ध' पाण्यातही बरंच स्फुरद शिल्लक असतं, हे विचारून घ्या. आणि उद्या सगळं सांडपाणी थांबलं तरी तळाच्या गाळात साठलेलं स्फुरद, खाली प्राणवायू संपला की, वर येत राहतं. जलपर्णी गेली आणि पाणी हिरवंगार शेवाळलं, तर घाबरून काठावरचं पाणकणीस उपटू नका. ते आपल्याच घरचं आहे, आणि तेही हेच खत शोषतं. तेही माजतं, पण ते आवरता येतं. बेशरमाची झुडपं परकी, ती उपटा, खुशाल.

हो, हो, उठतोच. टेंडरमध्ये घालायची दोन कलमं लिहून आणलीत: पैसे सुक्या वजनावर, आणि माल पाणलोटाबाहेर पोचल्याची पावती दाखवल्यावर. वीस झेरॉक्स दाराशी चपलांच्या रॅकवर ठेवल्यात. ज्यांचा भाऊ, मेहुणा नगरसेवक असेल त्यांनी दोन घ्या.