शेपटीवर चित्र, पोटात खोकी

नमस्कार, श्रोतेहो.

आखातातून आलेल्या विमानाचं सामान ज्या पट्ट्यावर येतं, तिथे कधी उभे राहिला आहात? बॅगा कमी आणि खोकी जास्त. दोरीने करकचून आवळलेली, वर जाड अक्षरात नाव आणि गाव. एअर इंडिया एक्सप्रेस या एकेकाळच्या सरकारी स्वस्त विमान कंपनीची गोष्ट मला या खोक्यांपासूनच सुरू करावीशी वाटते, कारण ती निघाली ती या खोकीवाल्यांसाठी.

केरळच्या घराघरातून माणसं दुबई, अबुधाबी, मस्कतला गेलेली. आपल्या कोकणातलीही, रत्नागिरी-रायगडकडची, काही कमी नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी एकदा घरी यायचं, तर तिकिटातच काही महिन्यांची बचत जायची. ओणम आणि ईद जवळ आली की भाडं आणखी चढायचं. या तक्रारींचा रेटा वाढत गेला आणि मे २००४ मध्ये एअर इंडियाने स्वस्त दराची ही कंपनी उभी केली. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर ती नवी नव्हतीच. एअर इंडिया चार्टर्स नावाची एक उपकंपनी १९७१ पासून होती. त्याच भांड्याला नवी कल्हई केली. त्याच महिन्यात आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री झाले होते.

पहिलं विमान उडालं २९ एप्रिल २००५ रोजी. कुठून? मुंबई नाही, दिल्ली नाही. तिरुवनंतपुरमहून अबुधाबीला! माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकली होती. गिऱ्हाईक कुठे राहतं, हे ज्या दुकानदाराला कळलं त्याचं दुकान चालतं.

आता स्वस्त म्हणजे नेमकं काय केलं? एकाच जातीची विमानं घेतली, बोइंग ७३७-८००. सगळे वैमानिक त्याच विमानाचे, सगळे तंत्रज्ञ त्याच विमानाचे, सुटे भागही तेच. पुढचा श्रीमंती वर्ग काढून टाकला आणि १८० च्या वर खुर्च्या बसवल्या. प्रवास तीन-चार तासांचा, त्यामुळे विमान गेलं, तासाभरात भरलं आणि परत निघालं. जमिनीवर उभं असलेलं विमान म्हणजे नुसता खर्च. सुरुवातीला विमानं भाड्याची होती. मग २००५ च्या अखेरीस एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानं मागवली, त्यातली १८ या धाकटीच्या वाट्याला आली.

पण सरकारी ती सरकारीच. खाजगी स्वस्त कंपन्या खाण्याचे वेगळे पैसे घेतात, इथे खाऊचा डबा फुकट मिळायचा. आणि सामान! २०१३ साली मोफत सामानाची मर्यादा ३० किलोवरून २० वर आणली, तर केरळात केवढा गदारोळ उठला. दहा किलो कमी म्हणजे कुणाच्या तरी घरचं एक खोकं कमी, हे मुंबईतल्या कार्यालयात बसून कसं कळणार? त्याच सुमारास कंपनीचं मुख्यालय मुंबईहून कोचीला हललं, ते बरंच झालं.

दोन जखमा मात्र कायमच्या राहिल्या. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळीकोडला जवळजवळ तसंच घडलं. मुसळधार पाऊस, कोरोनात अडकलेल्यांना घरी आणणारं विमान, आणि २१ मृत्यू. त्यात कॅप्टन दीपक साठे होते, हवाई दलातून आलेले, नागपूरच्या घरातले. चौकशी अहवालाने वैमानिकांच्या निर्णयांवर बोट ठेवलं, पण यंत्रणेतल्या उणिवाही दुर्लक्षून चालणार नाहीत, असंही त्यात नमूद केलं.

पैशाचं काय? थोरली, म्हणजे एअर इंडिया, २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी एकत्र झाली आणि कर्जात गळ्यापर्यंत बुडाली. धाकटीने मात्र २०१५-१६ मध्ये ३६० कोटी रुपयांच्या वर निव्वळ नफा दाखवला. सगळं श्रेय व्यवस्थापनाला देऊ नका, तेव्हा तेलही बरंच उतरलं होतं. पण स्वस्त तेल थोरलीलाही मिळतच होतं की!

शेवटी २७ जानेवारी २०२२ ला दोघीही टाटांकडे गेल्या. १९५३ साली सरकारने टाटांकडून घेतलेलं घर, सरकारच्या काळात जन्मलेल्या लेकीसकट परत गेलं. तेव्हा धाकटीकडे २४ विमानं होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून, पूर्वी एअरएशिया इंडिया म्हणून ओळखली जाणारी कंपनीही तिच्यात विलीन झाली आणि आता देशांतर्गत मार्गांवरही ती जोरात उडते.

एक गोष्ट सांगायची राहिली. सरकारी काळात या प्रत्येक विमानाच्या शेपटीवर वेगळं चित्र असायचं, कुठे नृत्य, कुठे वास्तू. नव्या मालकांनी २०२३ मध्ये रंग बदलले, नारिंगी आणि निळसर हिरवा आला, पण शेपटी कोरी ठेवली नाही. आता तिथे कापडाची नक्षी असते. पहिल्या विमानावर होती बांधणी.

नमस्कार.