पूर्वभागातला आवाज

सोलापूरच्या पूर्वभागात दिवसाउजेडी गाणं रेकॉर्ड करणं अवघड. भिंतीला भिंत लागून यंत्रमाग आहेत. टॉवेल निघतात, चादरी निघतात, खडखडाट काही थांबत नाही. म्हणून स्वतःची गाणी रचून गाणारी इथली एक मुलगी लाईट जायची वाट बघते. लाईट गेली की माग थांबतात. मग गिटार, चार्ज करून ठेवलेला मोबाईल, बंद पंखा आणि मे महिन्यातला सोलापुरी उकाडा. तिची पहिली गाणी अशीच झाली.



घर तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचं, शाळा मराठी. वडिलांचं आयुष्य मागावर गेलं आणि त्यात कान गेले. अशा आवाजात वर्षं काढली की आधी बारीक, उंच आवाज हरवतात. समोरचा बोलतोय हे कळतं. ‘स’ कुठला आणि ‘फ’ कुठला, ते कळत नाही. नवी चाल झाली की ती आधी वडिलांच्या शेजारी बसून गाते. खालच्या पट्टीत, शब्द सुटे ठेवून. त्यांनी मान हलवली तर ठीक. कपाळाला आठी पडली की ओळ बदलायची. आज कॉलेजची पोरं म्हणतात, “हिचा शब्द न् शब्द कळतो.” ही गायकी कुठल्या क्लासात घडलेली नाही, आणि म्हणूनच आम्हाला ती इतकी मोलाची वाटते.

गाण्यांचे विषयही घरातलेच. एका गाण्यात आई मांडीवर सूप घेऊन बसलीय. पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते. हजार विड्या झाल्याशिवाय उठत नाही, कारण मजुरी हजारावर मिळते. दुसरं गाणं सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या मैत्रिणीचं. हे पोरांचं सगळ्यात लाडकं. निम्म्या वर्गाचं कुणी ना कुणी त्या गाडीनं गेलेलं असतं.

युवा महोत्सव, गणपतीचे मांडव, कुणाच्या बहिणीची हळद. श्रोते असे एकेक करून जोडले गेले. ऑनलाईन ऐकणाऱ्यांकडून हाती फारसं काही पडत नाही. घरखर्चाला हातभार लागतो तो गिटारच्या शिकवण्यांचा.

मंडपात मात्र फर्माईश अजून हिंदी सिनेमाच्या गाण्यांचीच येते. ती दोन गाते आणि तिसरं स्वतःचं लावते. तिचा हा हट्ट आम्हाला फार आवडला.

मराठीत सुरू झालेलं तिचं गाणं मध्येच तेलुगूत शिरतं. काहींना ते खटकतं. पण पेशवाईतले शाहीर राम जोशी याच सोलापूरचे, आणि एकाच लावणीत दोन-तीन भाषा खेळवणं त्यांनाही जमत होतं. या गावात भाजीसुद्धा मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी अशा चार भाषांत घासाघीस करून घेतली जाते. मग गाण्यानं का एकाच भाषेत राहायचं?

सध्या तिचं नवं गाणं तिसऱ्या कडव्यावर अडलंय. आई म्हणते तेलुगूत कर, मैत्रिणी म्हणतात मराठीत. तिनं दोन्ही लिहून ठेवलीत. आता लाईट जायची वाट बघतेय.