राखीगढीची ती एक बाई

नमस्कार श्रोतेहो. आजोबांचं नाक नातवाला कसं येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो वारसा डीएनएतून येतो आणि माणूस गेल्यावरही हाडांत उरू शकतो, कधीकधी हजारो वर्षं. तो वाचला की कोण कुठून आलं, कुणात मिसळलं, याचा माग लागतो.

आता चला राखीगढीला. हरियाणातला हिसार जिल्हा, सिंधू संस्कृतीचं मोठं शहर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली दफनभूमी खणली. सांगाडे मिळाले, पण डीएनएचा हाडवैरी म्हणजे उष्णता! आपल्याकडच्या मातीत तो फार लवकर नासतो. एकूण ६१ नमुने तपासले. ६१! आणि कामी आला किती? एक. फक्त एक.

ती एक बाई होती. साडेचार हजार वर्षांपूर्वीची, उत्तर-दक्षिण निजवलेली, उशाशी मडकी. तिचा डीएनए इतका तुटका होता की त्या एकाच नमुन्यापासून डीएनएच्या तुकड्यांचे शंभराहून अधिक संच तयार करावे लागले. तुकडे जुळवत जुळवत तिची वंशकथा वाचली गेली आणि सप्टेंबर २०१९मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात छापून आली. ही चिकाटी मला त्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते.

तिच्यात काय सापडलं? प्राचीन इराणी लोकांशी दूरचं नातं असलेला एक वंश आणि दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी लोकांचा वंश. स्टेपच्या, म्हणजे उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतल्या पशुपालकांचा अंश नाही. पुन्हा सांगतो, स्टेपचा अंश तिच्यात नाही.

एका बाईवरून काय ठरवायचं, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. पण तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथल्या दफनांत ११ जण असे निघाले, की त्यांच्यात हेच मिश्रण होतं आणि आजूबाजूच्या इतरांशी ते जुळत नव्हते. ते सिंधूच्या बाजूने तिकडे गेलेले असावेत, असं संशोधक मानतात. म्हणजे माणसं इकडून तिकडेही जात होती!

आणि स्टेपचा अंश? तो उपखंडात आला नंतर, साधारण इ.स.पू. २००० ते १५०० या काळात. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या त्यापुढच्या काळातल्या थडग्यांत तो स्पष्ट दिसतो.