भिंतीपुढचा धबधबा

[दृश्य: भर पावसातलं पातालपाणी]

इंदूरकराला धबधबा म्हटलं की आधी पातालपाणी आठवतं. महूजवळ चोरल नदी तिथे सुमारे ३०० फूट खाली झेपावते. पण ते वैभव पावसाळ्यापुरतं. पुढे धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात उरतो नुसता काळा कातळ. मग एखाद्याला वाटतं, आपल्या तळ्याकाठी, आपल्या हुकमावर चालणारा छोटासा धबधबा असावा.

[दृश्य: शेतातलं तळं, काठाला दगडी भिंत]

शहराबाहेरचं हे एका मराठी कुटुंबाचं शेत. तळं खासगी आहे, हे आधीच सांगून टाकू. इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. तिथल्या काठावर असला खेळ मनातही आणू नये. इथे भिंत घरची, पाणी घरचं आणि हौस पुतण्याची. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले काका त्या हौसेला वेसण घालायला बसलेत.

"काका, भिंतीला मधोमध भोक पाडून पाइप काढला तर? बाहेरून दिसणार नाही."

"तेच तर वाईट. जोड गळला तरी दिसणार नाही."

काकांची धास्ती कळायला भिंतीच्या मागे जावं लागतं. 'मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' ही ओळ इथल्या शेतकऱ्याला सुखावते. भिंत बांधणाऱ्याला नाही. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. फुगताना भिंतीला रेटते. त्यात पाणी साचलं तर त्याचा जोर वेगळाच. भिंतीमागे ३ मीटर पाणी उभं राहिलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे साडेचार टन रेटा बसतो. म्हणून जाणकार मिस्त्री रिटेनिंग वॉलला, म्हणजे माती अडवणाऱ्या अशा भिंतीला, काळी माती भिडवत नाही. आधी गिट्टी भरतो, गिट्टी आणि मातीमध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड घालतो आणि आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून भिंतीत वीप होल, म्हणजे आरपार भोकं ठेवतो.

आणि आपण निघालोय त्याच भिंतीच्या डोक्यावर पाणी चढवायला.

[दृश्य: मिस्त्री लेव्हल पाइप धरून]

पाइप म्हणूनच भिंतीच्या टोकाला वळसा घालून, उघड्यावरून वर आणलाय. वर टाकी नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन; तो भरावावर ठेवला की त्याचाही भार भिंतीवरच येतो. उथळ पन्हाळ पुरे. तिच्यात रबराचा अखंड लाइनर, म्हणजे पाणी झिरपू न देणारं अस्तर, मागची कड चांगली वर उचललेली.

खरी कारागिरी ओठाची, म्हणजे पाणी जिथून खाली पडतं त्या कडेची. कोटा फरशीची ही पट्टी भिंतीच्या दोन-तीन इंच पुढे आली आहे आणि तिच्या खालच्या अंगाला लांबीभर एक खाच कापली आहे. खाच नसेल तर पाणी फरशीच्या पोटाला चिकटून मागे वळतं आणि दगडांच्या सांध्यांत शिरतं. पातळीतही हयगय चालत नाही. फरशी पाव इंच जरी कलली, तरी पाणी एकाच कोपऱ्यातून पळतं.

पाण्याची सलग चादर हवी असेल, तर ओठाच्या दर फुटाला तासाला साडेचार-पाच हजार लिटर पाणी लागतं. इथे ओठ ३ फुटांचा, म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. पंपाच्या खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून भुलू नका. पाणी जितकं उंच चढवायचं तितकं ते कमी येतं. उंची मोजायची ती उन्हाळ्यातल्या पातळीपासून. पंप जाळीच्या पिंजऱ्यात, तळाच्या गाळापासून वर. त्याच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच हवाच, त्यात काटकसर नको.

पुतण्याने एकदा नळाच्या पाण्याचाही विषय काढला होता. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून इंदूरला आणावं लागतं. ते धबधब्याला वापरायचं म्हणजे उधळपट्टीच. शिवाय तळ्याचं पाणी तळ्यातच परत पडतं.

[दृश्य: मे महिना, मागे सरकलेलं तळं]

निदान पावसाळ्यानंतर काही महिने तरी. मग तळं आटत मागे सरकतं आणि धार गाळावर आपटू लागते. रोज थोडा थोडा खड्डा, तोही नेमका भिंतीच्या पायाशी. काकांनी तिथे मोठ्या दगडांचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर करून घेतलं. पुतण्याला तो खर्च उगाच वाटत होता. मला तरी सगळ्या कामात तोच सर्वांत शहाणपणाचा वाटला.

[दृश्य: पंप सुरू, भिंतीचा खालचा भाग जवळून]

पंप सुरू झाल्यावर घरचे सगळे धारेकडे बघतात. काका बघतात वीप होलकडे. पावसात ती वाहतात, ते त्यांचं कामच आहे. पण ऐन उन्हाळ्यात, तळं खाली गेलेलं असताना त्यांतलं एखादं ठिबकू लागलं, तर पन्हाळीतलं पाणी भिंतीमागे झिरपतंय असं समजायचं, पंप लगेच बंद करायचा आणि लाइनर उचलून बघायचा.