युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातला बॉट

ही स्क्रीन जरा नीट बघा, माऊसवर कोणाचाच हात नाहीये. तरी कर्सर फिरतोय, ॲडमिशनच्या पोर्टलवरचा अर्ज उघडतोय, नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक उचलतोय आणि दुसऱ्या सिस्टीममध्ये नेऊन भरतोय. सेव्ह. पुढचा अर्ज. परत सेव्ह. हे काम करतोय एक सॉफ्टवेअर रोबो, ऑफिसात सगळे त्याला सरळ बॉट म्हणतात.

आता तुम्ही विचाराल की दोन्ही सिस्टीम एकमेकींना सरळ जोडून का टाकत नाहीत? खरंय, जोडता आल्या तर तेच सगळ्यात चांगलं, मग बॉटची गरजच नाही. पण युनिव्हर्सिटीत असं असतं की ॲडमिशनचं पोर्टल एका कंपनीचं, फीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं, परीक्षा विभागाची सिस्टीम कधीची जुनी, ती कोणी बनवली हेही कोणाला धड सांगता येत नाही, आणि या सगळ्यांच्या मध्ये बसलेला क्लार्क दिवसभर इकडचं कॉपी करून तिकडे पेस्ट करत असतो. बॉट नेमकं तेच काम उचलतो. माणसासारखंच लॉगिन करतो, तीच बटणं दाबतो, आतल्या सिस्टीमला हातही लावावा लागत नाही.

या तंत्राला रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन म्हणतात, आरपीए. ब्रिटनमधली ब्लू प्रिझम ही कंपनी २००१ ची, बुखारेस्टमध्ये सुरू झालेली युआयपाथ २००५ ची, म्हणजे हे काल-परवाचं फॅड नाही. फक्त आधी ते मुख्यतः बँका, इन्शुरन्सवाले अशा मोठ्या कंपन्यांनाच परवडायचं. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप विंडोज १० वाल्यांना वेगळे पैसे न घेता दिलं, आणि मग एखाद्या छोट्या सेक्शनलाही करून बघता यायला लागलं.

आता खरी गोष्ट. बॉट बनवणं हे त्यातलं सोपं काम आहे. अवघड आहे ते क्लार्क मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसणं आणि त्या नक्की काय काय करतात ते बघणं.

ही फाईल बघा. पोर्टलवरून आलेली अर्जांची यादी, पुढे एक्सेलमध्ये जाणार. कोणीही काय करेल, डबल क्लिक. इथल्या मॅडम करत नाहीत. त्या आधी कोरी शीट उघडतात, डेटा टॅबमधून फाईल आत घेतात आणि अर्ज क्रमांकाचा कॉलम टेक्स्ट म्हणून ठेवतात. का? कारण एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं. अर्ज क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटच्या अंकाचा गुपचूप शून्य होतो, कुठे लाल खूण नाही, जुन्या एक्सेलमध्ये तर काही मेसेजही नाही. रोल नंबर शून्याने सुरू होत असेल तर तो शून्यच गायब. तारखेचंही तेच, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. मॅडमना हे सगळं पाठ आहे, पण कामाच्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, आणि बॉट बनवणाऱ्याने फक्त तो कागद वाचला असेल तर बॉट काय करणार? तीच चूक, रात्रभर, प्रत्येक अर्जात, न थकता.

म्हणून मला वाटतं की बॉटची पहिली परीक्षा वेग ही नाहीच, त्याला थांबता येतं का ही आहे. दाखल्यावर एक स्पेलिंग आणि फॉर्मवर दुसरं, फी भरलीये पण दोन हप्त्यांत, एकाच नावाचे आणि एकाच जन्मतारखेचे दोन विद्यार्थी, अशा ठिकाणी बॉटने अंदाज लावायचा नाही, तो अर्ज बाजूला काढायचा, कारण लिहायचं आणि पुढे जायचं. सकाळी माणूस ती बाजूची यादी बघतो. पोर्टल हँग झालं तर गोष्ट वेगळी, तिथे बॉटने थोडं थांबून परत ट्राय करायला काहीच हरकत नाही. हे दोन प्रकार आधीच वेगळे ठेवले नाहीत तर मग रोज सकाळी निस्तरत बसावं लागतं.

आणि काही कामं बॉटकडे द्यायचीच नाहीत. बँकेचं स्टेटमेंट आणि फीची नोंद जुळवणं, द्या. हॉल तिकीट तयार करून मेल करणं, द्या. पण एखाद्या मुलीची फी का राहिली, तिला मुदत वाढवून द्यायची का, हे विचारायला माणूसच हवा, आणि हातातली एंट्री कमी झाली तर त्या माणसाला खिडकीपाशी आलेल्या मुलीचं पूर्ण ऐकून घ्यायला वेळ मिळतो. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा हे करण्यासारखं आहे. नोकऱ्या जातील ही भीती स्टाफला वाटते आणि ती रास्तच आहे, म्हणून वाचलेल्या वेळात कोण काय करणार हे बॉट चालू व्हायच्या आधीच ठरवून सगळ्यांना सांगायला पाहिजे.

आता थोडं लॉगिनबद्दल. बॉटला क्लार्कचा पासवर्ड देऊ नका, कधीच नाही. त्याचं वेगळं लॉगिन, लागतील तेवढ्याच परवानग्या, आणि कुठला अर्ज किती वाजता उघडला, काय बदललं याची नोंद. उद्या मार्कांमध्ये काही गडबड निघाली तर ती एंट्री कोणी केली हे कळायलाच हवं, नाहीतर ज्याचं लॉगिन वापरलं तो बिचारा अडकतो. पासवर्डची मुदत कधी संपते हेही कोणीतरी लिहून ठेवा, बरेच बॉट एवढ्याशा कारणाने बंद पडतात.

दुसरं कारण म्हणजे पोर्टलचं अपडेट. बॉट बटण ओळखतो ते पेजच्या आतल्या नावावरून. आपल्याला बटण तिथेच दिसतं, तसंच दिसतं, पण आतलं नाव बदललेलं असतं आणि बॉटला ते सापडतच नाही. म्हणून पोर्टलवाल्यांनी बदल करायच्या आधी बॉट सांभाळणाऱ्याला कळवणं हे ठरलेलं असावं, तोंडी नाही, लेखी.

आणि प्रत्येक सेमिस्टरला थोडे अर्ज मुद्दाम हाताने भरा. नवीन आलेल्या माणसाला मॅडमच्या शेजारी बसवून. बॉट बंद पडला आणि ॲडमिशनची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली, तर ती फाईल कशी उघडायची हे माहीत असलेलं ऑफिसात कोणीतरी लागेल.